तुलना कुणाशी? अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या प्लेटलेटची गोष्ट

 

आज इतिहास सांगायचा आहे. हा इतिहास रक्ताच्या रिपोर्टवर छापून येणाऱ्या एका आकड्याचा आहे. तो आकडा म्हणजे प्लेटलेट. आणि बाळ कुणाचं, तर नऊ महिने पूर्ण व्हायच्या आधी जन्मलेलं, अपुऱ्या दिवसांचं.

हा विषय बचत गटाच्या बायकांसमोर का, असं वाटेल. गटाच्या बैठकीत असा अर्ज अधूनमधून येतोच, म्हणून. सुनेला वेळेआधी कळा आल्या, बाळ दीड किलोचं झालं, पेटीत ठेवलं, आणि आता रिपोर्टमध्ये प्लेटलेट कमी आल्यात. घरातले घाबरून जातात. कुणी म्हणतं मोठ्या शहरात हलवा, कुणी म्हणतं आता काही खरं नाही, घरी घेऊन चला. एखादी म्हातारी सुनेलाच बोल लावते, हिच्याच रक्तात खोट आहे म्हणून. आणि कर्ज काढायचं की डोरलं मोडायचं, हा प्रश्न त्याच संध्याकाळी सोडवायचा असतो. इतकं सगळं एका आकड्यावर ठरत असेल, तर तो आकडा आला कुठून, हे आपल्याला माहीत असायला हवं.

आधी प्लेटलेट म्हणजे काय ते पाहू. डेंग्यूच्या साथीमुळे हा शब्द गावोगाव पोचला आहे. कुणी नुसतं ‘पेशी कमी झाल्या’ म्हणतं. शाळेच्या पुस्तकात त्यांना रक्तपट्टिका म्हणतात. रक्तात तांबड्या पेशी असतात, पांढऱ्या असतात, आणि त्यांच्याहून कितीतरी लहान, चपट्या अशा या प्लेटलेट असतात. विळ्यानं बोट कापलं की पहिल्यांदा धावून येतात त्या याच. जखमेच्या तोंडाशी एकमेकींना चिकटून बसतात आणि रक्ताला बांध घालतात. त्यांचं आयुष्य आठ-दहा दिवसांचं. जुन्या जातात आणि हाडाच्या आतल्या मगजात नव्या तयार होत राहतात.

रक्त थांबवण्याचं हे काम प्लेटलेट करतात, हे नीट दाखवून दिलं इटलीतल्या जुलिओ बिझ्झोझेरो या डॉक्टरनं. तो तूरिन शहरात शिकवत होता. साल होतं १८८२. आपल्या बुलढाणेकर बायकांना हे साल दुसऱ्या कारणानं लक्षात ठेवता येईल. त्याच १८८२ मध्ये आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक पुण्यात छापून निघालं. त्याच्या आदल्या वर्षी सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेवर खटला चालला होता, आणि त्यावरून वर्तमानपत्रांत सगळ्या बायकांनाच नावं ठेवणं चाललं होतं. ताराबाई त्यानं संतापल्या. बाईला तुम्ही कोणत्या मापानं मोजता, आणि तेच माप पुरुषाला का लावत नाही, असा त्यांच्या पुस्तकाचा सगळा रोख आहे.

तूरिनच्या डॉक्टरचा आणि ताराबाईंचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तरी ताराबाईंचा प्रश्न मला आजच्या विषयाला फार उपयोगी वाटतो. कमी म्हटलं की लगेच विचारावं, कुणापेक्षा कमी? माप कुणाचं लावलं? अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या प्लेटलेटचा इतिहास म्हणजे हाच प्रश्न डॉक्टरांना हळूहळू कसा पडला, त्याचा इतिहास आहे.

त्या काळात अशा बाळाची प्लेटलेट कुणी मोजतच नव्हतं. मोजायला बाळ आधी जगायला तर हवं! आपल्या जुन्या बाया म्हणायच्या की सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. हे खरं नाही. बाळ पोटात जितके जास्त आठवडे राहील तितकं बळकट, म्हणून आठव्यातलं सातव्यातल्यापेक्षा जास्त तग धरतं. पण म्हण पडली, कारण लहान जीव जायचे आणि कुणाकडे मोजदाद नव्हती. पूर्ण दिवसांचीही किती बाळं जायची. आनंदीबाई जोशी यांचं बाळ १८७८ मध्ये जन्मून दहा दिवसांतच गेलं. त्या दुःखातून त्या १८८३ मध्ये समुद्र ओलांडून अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. तिथे त्यांनी जो प्रबंध लिहिला तो बाळंतपणाच्या शास्त्रावर होता.

आपण ‘पेटीत ठेवलं’ म्हणतो ती पेटीही त्याच काळातली. पॅरिसमधल्या तार्निये या बाळंतपणाच्या डॉक्टरनं तिथल्या प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवायचं यंत्र पाहिलं, आणि तशीच ऊब अशक्त बाळांना द्यावी म्हणून १८८० च्या सुमारास पेटी करून घेतली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत ऊब, स्वच्छता आणि आईचं दूध यांच्या जोरावर लहान बाळं जगायला लागली. मग त्यांचं रक्त तपासायची वेळ आली.

तोवर मोठ्या माणसांच्या प्लेटलेट मोजायची रीत बसली होती. काचेच्या पट्टीवर बारीक चौकटी आखायच्या, त्यावर पातळ केलेलं रक्त पसरायचं, आणि सूक्ष्मदर्शकातून एकेक चौकट मोजायची. आपण सुपात धान्याचे खडे निवडतो तसंच काम, फक्त डोळे फोडणारं. पुढे अमेरिकेत वॉलेस कुल्टर यांनी पेशी मोजण्याच्या यंत्राची युक्ती शोधली. तिचं पेटंट १९५३ चं आहे. आज तालुक्याच्या लॅबमध्ये दोन मिनिटांत रिपोर्ट काढणारी यंत्रं त्याच घराण्यातली.

मोजून मोजून मोठ्यांचा अंदाज ठरला. रक्ताच्या एका थेंबाचे पन्नास भाग केले, तर त्यातल्या एका भागात दीड लाख ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. रिपोर्टवर कंसात छापलेला १.५ ते ४.५ लाख हा आकडा तो हा. तो धडधाकट मोठ्या माणसांचा आहे. पण दीड लाखाच्या खाली म्हणजे कमी, ही रेषा तान्ह्या बाळांनाही तशीच लावली गेली. दोन महिने आधी जन्मलेल्या, तळहातावर मावणाऱ्या जीवालाही तीच.

साठच्या दशकात काही बालरोगतज्ज्ञांना वाटू लागलं की या बाळांचं स्वतःचं माप काढायला हवं. १९६८ मध्ये अबाली या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या बालरोगशास्त्राच्या मासिकात एक अभ्यास छापला. त्यांनी मुद्दाम अशी बाळं घेतली जी अपुऱ्या दिवसांची होती, पण बाकी ठणठणीत होती, दूध पीत होती, वजन धरत होती. ही निवड महत्त्वाची. कारण तोवर अपुऱ्या दिवसांचं म्हणजे आजारीच, असं धरून चाललं जायचं. आजारी बाळांचे आकडे त्यात मिसळले, की निरोगी लहान बाळ कसं असतं ते कळणार कसं? पुढे १९७३ मध्ये सेल आणि कॉरिगन या दोघांनी निरोगी बाळं घेऊन ती किती आठवड्यांची जन्मली त्याप्रमाणे मोजणी मांडली.

पण या कामात एक मोठी अडचण होती आणि ती आजही आहे. निरोगी बाळाला सुई टोचायची कशाला? एक किलोच्या बाळाच्या अंगात सगळं रक्त मिळून ८०-९० मिली असतं, म्हणजे चहाचा एक कप भरेल इतकंच. त्यातलं नुसत्या माहितीसाठी काढणं कुठल्या आईला पटेल? आणि डॉक्टरांनाही ते पटू नये. म्हणून जुन्या अभ्यासांत बाळांची संख्या थोडी राहिली.

यावर तोड निघाली २००९ मध्ये. अमेरिकेतल्या युटा भागात अनेक दवाखान्यांची एक साखळी आहे. तिथे काही ना काही कारणानं ज्या बाळांचं रक्त आधीच तपासलं होतं, त्यांचे आकडे संगणकात पडून होते. सुझन वीडमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते बाहेर काढले. ४७ हजारांहून जास्त बाळांची नोंद होती. नव्यानं एकाही बाळाला टोचावं लागलं नाही. आपल्या गटाच्या जुन्या वह्या काढून दहा वर्षांच्या परतफेडीचा हिशेब लावावा, तसं हे काम.

त्यांनी काय केलं, तर सगळ्या बाळांना लहान आकड्यापासून मोठ्या आकड्यापर्यंत ओळीनं मांडलं आणि शंभरातली खालची पाच सोडून कुठून सुरुवात होते ते पाहिलं. पहिल्या दिवसांत ३२ आठवडे किंवा त्याआधी जन्मलेल्या बाळांची खालची रेषा निघाली १ लाख ४ हजार २०० वर. त्यानंतर जन्मलेल्या आणि पूर्ण दिवसांच्या बाळांची निघाली १ लाख २३ हजार १०० वर. म्हणजे दोन्ही रेषा दीड लाखाच्या खाली! एकतीस आठवड्यांच्या बाळाचा रिपोर्ट १ लाख २० हजार आला, तर लॅबचं यंत्र त्यापुढे कमी असल्याची खूण छापतं, कारण यंत्राला मोठ्या माणसाचं माप शिकवलेलं आहे. पण त्याच्या वयाच्या बाळांच्या ओळीत ते बाळ आपल्या जागी बरोबर बसलेलं असतं.

आणखी एक गोष्ट त्यात दिसली. आकडा एका जागी थांबत नाही. पहिल्या काही दिवसांनंतर तो चढतो, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक चढ येतो, मग सहाव्या-सातव्या आठवड्यात दुसरा. त्या वेळी निरोगी बाळाचा आकडा साडेचार लाखांच्याही वर जाऊ शकतो, आणि मग घरचे उलट्या बाजूनं घाबरतात. म्हणून बाळाचा रिपोर्ट वाचताना दोन गोष्टी सोबत हव्यात: ते किती आठवड्यांचं जन्मलं, आणि आज ते किती दिवसांचं आहे. या दोन गोष्टी नसतील तर नुसता आकडा अर्धवट आहे.

एक खबरदारीही सांगते. या अभ्यासातल्या बाळांचं रक्त कुठल्या तरी कारणानं तपासलं होतं, म्हणून ही काही शंभर टक्के निरोगी बाळं नव्हेत. ते डॉक्टरही याला ‘नॉर्मल’ म्हणत नाहीत, पडताळून पाहायची चौकट म्हणतात. हा त्यांचा प्रामाणिकपणा मला आवडला.

मग आकडा खरोखरच खाली गेला तर? अपुऱ्या दिवसांच्या बाळांत असं होतंही, आणि कधी झालं यावरून डॉक्टर कारणाचा माग काढतात. जन्मानंतर पहिल्या तीन दिवसांत प्लेटलेट कमी दिसल्या, तर बहुतेक वेळा कारण गरोदरपणातलं असतं. आईचा बीपी वाढलेला असतो, वारेतून बाळाला पुरेसा पुरवठा झालेला नसतो. असे आकडे बहुधा फार खोल जात नाहीत आणि साधारण दहा दिवसांत आपोआप भरून येतात. इथेच सुनेला बोल लावणाऱ्यांना उत्तर आहे. बीपी वाढणं ही रक्तातली खोट नव्हे. गरोदरपणात महिन्याच्या महिन्याला बीपी तपासला गेला का, हा खरा प्रश्न आहे, आणि तो सगळ्या घराला विचारायचा आहे.

तीन दिवसांनंतर, म्हणजे आधी चांगल्या असलेल्या प्लेटलेट अचानक पडल्या, तर डॉक्टर सावध होतात. रक्तात जंतू पसरणं किंवा आतड्याला सूज येणं, अशी कारणं तेव्हा पहिल्यांदा तपासतात. हे गंभीर असतं आणि उपचाराला उशीर चालत नाही. आणि तिसरं कारण अगदी साधं असतं. टाचेतून रक्त घेताना ते नळीत गोठतं, प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि यंत्र त्या कमी मोजतं. म्हणून बाळ चांगलं दिसत असताना आकडा विचित्र आला, की डॉक्टर पुन्हा तपासायला सांगतात. त्याला कुणी पैसे उकळणं समजू नये.

आता पिशवी लावण्याबद्दल. प्लेटलेट कमी, मग बाहेरून द्या, हे आपल्याला सरळ वाटतं. पाणी कमी तर टँकर मागवा, तसं. डॉक्टरांनाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. कुणी ५० हजारांच्या खाली गेलं की देत, कुणी २५ हजारांपर्यंत वाट पाहत. मग इंग्लंड, आयर्लंड आणि नेदरलँड्स इथल्या दवाखान्यांनी मिळून हे तपासून पाहिलं. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेली ६६० बाळं, जिच्या-तिच्या वाट्याला चिठ्ठी टाकून आलेला नियम. एका गटात ५० हजारांच्या खाली गेलं की प्लेटलेट दिल्या, दुसऱ्या गटात २५ हजारांच्या खाली गेल्यावरच. निकाल २०१९ मध्ये आला. लवकर दिलेल्या गटात मृत्यू किंवा मोठा रक्तस्राव शंभरात २६ बाळांना झाला, थांबलेल्या गटात शंभरात १९ बाळांना. जास्त दिलं तर जास्त भलं, हा समज तिथे मोडला. आपल्या देशात चंदीगडच्या पीजीआय संस्थेतही कमी प्लेटलेट असलेल्या ४४ अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर एक अभ्यास झाला. तिथेही ज्यांना सढळ हातानं प्लेटलेट दिल्या, त्यांच्यात मेंदूतला रक्तस्राव जास्त दिसला.

असं का व्हावं, याची काही कारणं डॉक्टर सांगतात. पिशवीतल्या प्लेटलेट मोठ्या माणसाच्या असतात. बाळाच्या स्वतःच्या प्लेटलेट त्या मानानं जरा सुस्त असतात, पण त्याच्या रक्तातले दुसरे घटक ती कसर भरून काढतात आणि दोन्हींचा मेळ बसलेला असतो. त्यात मोठ्यांच्या तडफदार प्लेटलेट घातल्या की तो मेळ बिघडू शकतो. शिवाय कपभर रक्ताच्या बाळाला दर किलोला १५ मिली बाहेरून देणं, हा त्याच्या नाजूक रक्तवाहिन्यांना भारच. याचा अर्थ पिशवी वाईट असा कुणी घेऊ नये. रक्तस्राव होत असेल किंवा आकडा फारच खाली असेल, तर ती जीव वाचवते. ते डॉक्टर ठरवतील. पण ‘तुम्ही पिशवी का लावत नाही’ म्हणून दवाखान्यात भांडण करणाऱ्या नातेवाइकांनी एवढं ध्यानात घ्यावं, की न लावणं हाही विचार करून दिलेला उपचार असू शकतो.

आता आपल्या विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ, गडचिरोलीला. कारण वरची सगळी गोष्ट लॅब असलेल्या दवाखान्यांची झाली. जिथे लॅबच नव्हती तिथे काय झालं?

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये तिथे ‘सर्च’ ही संस्था काढली. १९९५ पासून त्यांनी ३९ गावांत प्रत्येक नवजात बाळाकडे घरी जाऊन पाहायचं ठरवलं. हे काम केलं गावातल्याच बायकांनी. शिक्षण पाचवी ते दहावी. त्यांना नाव दिलं आरोग्यदूत. पहिल्या वर्षी ७६३ बाळं पाहिली. त्यांतली शंभरात ४२ बाळं अडीच किलोच्या आतली होती, आणि साधारण दहा अपुऱ्या दिवसांची. निम्म्याहून जास्त बाळांना डॉक्टरी मदत लागेल असं काही ना काही झालं होतं. ती मदत मिळाली शंभरातल्या तीन बाळांनाही नाही.

रक्तात जंतू पसरणं, ज्यानं प्लेटलेट पडतात असं मघाशी सांगितलं, तो आजार या बायकांनी रक्त न तपासता ओळखायला शिकून घेतलं. आधी नीट रडणारं बाळ आता हळू रडतं का? अंगावर पिणं कमी झालं का? हातपाय लुळे पडलेत का? अंग गार किंवा तापलेलं लागतं का? श्वास मिनिटाला साठहून जास्त आहे का, छातीत खड्डा पडतो का? पोट फुगलं, उलटी होते का? बेंबीतून पू येतो का? अशा खुणांतल्या दोन एकाच वेळी दिसल्या, की आजार धरायचा. दवाखान्यात न्यायला सांगायचं, आणि नेणं जमलं नाही तर शिकवल्याप्रमाणे औषध आणि इंजेक्शन द्यायचं. त्याआधी या आजारानं धरलेल्या शंभरातली १६-१७ बाळं दगावत होती. आरोग्यदूतांच्या उपचारानंतर तीन. आणि शेजारच्या ४७ गावांशी ताडून पाहता, तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या जगभर वाचल्या जाणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

इथे पाहा, या बायकांनी बाळाची तुलना कुणाशी केली? त्याच बाळाच्या कालच्या दिवसाशी. काल जोरात रडत होतं, आज रडत नाही. काल पीत होतं, आज पीत नाही. ही तुलना करायला यंत्र लागत नाही, रोज पाहणारी बाई लागते.

गडचिरोलीच्या या कामावरूनच २०११ मध्ये सरकारनं देशभरातल्या आशाताईंना नवजात बाळाच्या घरभेटी नेमून दिल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झालं तर पहिल्या दिवशीही. त्याच वर्षी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला. त्याखाली सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार, तपासण्या, औषधं, लागलं तर रक्त, आणि नेण्या-आणण्याची गाडी, हे सगळं मोफत आहे. आणि जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नवजात बाळांचा वेगळा विभाग, ज्याला एसएनसीयू म्हणतात, ही सोयही अलीकडची. बंगालमधल्या पुरुलियाच्या जिल्हा दवाखान्यात २००३ मध्ये असा विभाग उभा राहिला आणि मग ती वाट देशभर गेली. म्हणून गटानं कर्ज मंजूर करायच्या आधी घरच्यांना विचारावं, एसएनसीयूत चौकशी केली का? मोफत काय आहे ते पाहिलं का? कर्ज द्यायला ना नाही. पण जे हक्काचं आहे त्यासाठी डोरलं मोडलं जाऊ नये.

आता रिपोर्ट हातात आला, तर डॉक्टरांना काय विचारायचं, तेवढं वहीत लिहून घ्या. पहिलं, बाळ किती आठवड्यांचं जन्मलं, आणि त्या आठवड्यांच्या बाळाच्या मानानं हा आकडा कसा आहे? दुसरं, हा आकडा पहिल्या तीन दिवसांतला आहे की नंतरचा? तिसरं, कालच्यापेक्षा चढतोय की उतरतोय? चौथं, बाळाला कुठे रक्तस्राव आहे का, अंगावर लाल-जांभळे ठिपके आहेत का? एवढं विचारलं की डॉक्टरही मोकळेपणी बोलतात, आणि घरच्यांना घाबरायचं किती आणि थांबायचं किती ते कळतं.

आणि काही गोष्टी अजिबात करू नका. डेंग्यूत कुणी पपईच्या पानाचा रस देतं, म्हणून तान्ह्या बाळाला तो पाजू नका. बकरीचं दूध नको, मध नको, गुटी नको. त्याला आईचं दूधच हवं. ओढता येत नसेल तर काढून, डॉक्टर सांगतील तसं वाटी-चमच्यानं किंवा नळीनं. डॉक्टरांनी परवानगी दिली की आईनं बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवावं, त्याची ऊब पेटीइतकीच कामाची आहे. घरी आणल्यावर गडचिरोलीच्या बायकांच्या खुणा रोज पाहा. त्यातली एक जरी दिसली, किंवा बेंबीतून, शीतून, कुठूनही रक्त दिसलं, तर रिपोर्टची वाट न पाहता १०२ वर फोन करा आणि आशाताईला हाक मारा.

ताराबाईंचं पुस्तक जवळजवळ शंभर वर्षं विस्मरणात गेलं होतं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा छापलं, तेव्हा बुलढाण्याची ही लेक महाराष्ट्राला नव्यानं भेटली. तिचा प्रश्न आपण आपल्या नातवंडांसाठी वापरू. कुणी म्हणालं, ‘बाळाची प्लेटलेट कमी आहे’, तर शांतपणे विचारा, ‘डॉक्टर, कुणाच्या मापानं कमी?’ त्यांना राग येणार नाही. गेली साठ वर्षं तेही हेच शोधत आले आहेत.

येत्या बैठकीत हे चार प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवा, आणि गटात कुणाच्या घरी पाळणा हलणार असेल तर तिच्या कार्डावर या महिन्याचा बीपी लिहिलेला आहे का, तेवढं पाहून घ्या. जय जिजाऊ.